चार रेघांची मेंढी

थोरलीच्या बाबांचा एक नियम होता: मेंढी निवडायची ती डोळे मिटून. ते म्हणत, लोकर म्हणजे मेंढीचा कोट, आणि कोट बघून जावई निवडला की काय होतं ते आपल्या घराला ठाऊक आहे. एवढं झालं की सगळे आत्याकडे बघत. आत्या ढिम्म. तिच्या नवऱ्याचा कोट खरोखरच देखणा होता. नवरा एक दिवस निघून गेला, कोट अजून कपाटात आहे.

यंदा बाबांच्या कमरेचा सांधा बदलला आणि डॉक्टरांनी त्यांना तीन महिने मेंढ्यांत शिरायचं नाही म्हणून बजावलं. निवड थोरलीवर आली. थोरली ही घरातली एकुलती एक. धाकटं कोणी झालंच नाही, पण आईबाबांनी भरवशावर नाव आधीच पाडून ठेवलं होतं.

"चाळीस आण," बाबा म्हणाले. "संकरित. आई डोंगरातली, बाप सपाटीचा. आईकडून दूध आणि काटकपणा, बापाकडून अंग आणि जुळी. आपल्याला कोकरं बाजारात न्यायचीत, भिंतीवर टांगायची नाहीत. निवड जमली तर कळप तुझा. नाही जमली तर कुरण भाड्याने देतो, तू परत लिफ्ट दुरुस्त कर."

"लिफ्टचे खूर तरी सडत नाहीत," थोरली म्हणाली. तिने शहरात चार वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या आणि चार वर्षांत एकाही लिफ्टने तिला ओळख दाखवली नव्हती. तिला परत जायचं नव्हतं.

मेंढ्या विकणारे गृहस्थ होकाका या नावाने प्रसिद्ध होते, कारण ते कशालाच नाही म्हणत नसत. त्यांच्या गोठ्याला आग लागली तेव्हा कोणीतरी विचारलं, "बरं चाललंय ना?" तर म्हणाले, "हो हो."

त्यांनी अंगणात फळ्यांची अरुंद गल्ली उभी केली होती. एका वेळी एकच मेंढी मावेल अशी. मेंढ्यांनी आपणहून गल्लीत शिरावं म्हणून तोंडाशी दाण्याची बादली. दुसऱ्या टोकाला थोरली, डोळे मिटून. तिच्या शेजारी आत्या, एका हातात वही, दुसऱ्यात निळा खडू. पास झालेल्या मेंढीच्या पाठीवर एक रेघ मारून तिला उजव्या वाड्यात सोडायचं, नापास झाली की डाव्यात.

थोरलीने पहिल्या मेंढीच्या कमरेवर बोटं दाबली. वळलेल्या मुठीच्या गाठींसारखं टोचलं तर मेंढी हडकुळी, तळहाताच्या गादीसारखं लागलं तर लठ्ठ. हाताची मागची बाजू चाचपल्यासारखं लागलं की योग्य, म्हणजे पाचांपैकी तीन गुण. मग ओठ वर करून वय कळायला दात मोजायचे, कास दाबून गाठ आहे का बघायचं, सड दोन्ही शाबूत का, चारही खूर उचलून वास घ्यायचा. हा शेवटचा भाग डोळे मिटूनही सोपा जात नाही.

"पाठ तीन. चार दाती. कास मऊ. खूर कोरडे. पास."

आत्याने लिहिलं, रेघ मारली.

तासाभराने थोरलीचा हात बसला. "पास." "सडाला जखम, नापास." "ही म्हातारी आहे, दात पडलेत, हिला नमस्कार सांगा." होकाका म्हणाले, "हो हो."

दुपारी आत्याच्या वहीत चाळिसावी पास नोंदली गेली. थोरलीने डोळे उघडले तेव्हा उन्हाने सगळं जग पांढरं दिसत होतं. तशाच डोळ्यांनी तिने मेंढ्या ट्रकमध्ये भरल्या.

घरी बाबा फाटकाशी खुर्ची टाकून बसले होते. फळीवरून उतरणारी एकेक मेंढी ते काठीने मोजत होते. शेवटची उतरली आणि काठी थांबली.

"सदतीस."

"चाळीस," थोरली म्हणाली.

"सदतीस."

थोरलीने मोजल्या. सदतीस. तिच्या डोळ्यांपुढे एक बंद पडलेली लिफ्ट उभी राहिली.

"त्यातली एक चार वेळा आहे," आत्या म्हणाली.

"म्हणजे?"

आत्याने खडूने दाखवलं. कळपात एका मेंढीच्या पाठीवर चार निळ्या रेघा होत्या. हवालदाराला बढती मिळाल्यासारखी ती मान वर करून उभी होती.

"उजव्या वाड्याची कडी ढिली होती. ही दाण्यासाठी फिरून परत गल्लीत यायची."

"आणि तू बघत होतीस?"

"तू पास म्हणायचीस, मी रेघ मारायची. तेवढंच काम होतं माझं."

"आत्या! होकाकांनीही सांगितलं नाही?"

"मी त्यांना म्हटलं, गप्प राहायचं का? ते म्हणाले, हो हो."

बाबांनी हात पुढे केला. "वही."

ते वाचायला लागले. थोरली फाटकाचा खिळा बघत राहिली. वहीत सातवी: पाठ तीन, चार दाती, कास मऊ, खूर कोरडे. एकोणिसावी: तेच. अठ्ठाविसावी: तेच. छत्तिसावी: तेच, पुढे थोरलीचा शेरा, "अशा आणखी मिळतील का?"

"पहिल्यांदा वाटलं, थांबवावं," आत्या म्हणाली. "मग वाटलं, बघू तरी, पोरगी दुसऱ्यांदा काय म्हणते. तिसऱ्यांदा मलाच घाम फुटला. दादा, तुझा हात तीस वर्षांत कोणी असा तपासला होता?"

बाबांनी चार रेघांच्या मेंढीला खुर्चीशी आणवलं आणि डोळे मिटले. कमरेवर बोटं दाबली, ओठ वर केला, खाली वाकता येत नव्हतं म्हणून थोरलीने मेंढी उचलून कास त्यांच्या हाताशी आणली. बराच वेळ गेला. मेंढीला आता याची सवय झाली होती.

"पाठ तीन," बाबा म्हणाले आणि डोळे उघडले. "उद्या उरलेल्या तीन घेऊन ये. डोळे मीट, पण कडी आधी लाव."

"बरं."

"आणि उभी काय राहिलीस? तुझ्या मेंढ्यांना पाणी कोण दाखवणार?"

थोरली हौदाकडे निघाली. चार पावलं गेल्यावर तिला 'तुझ्या' ऐकू आलं. ती मागे फिरली आणि तिने आत्याचे खडूने माखलेले हात घट्ट धरले.

"हात सोड," आत्या म्हणाली. "निळी होशील."

थोरली निळी झाली. त्या संध्याकाळी तिने हरेक मेंढीला एकेक मूठ दाणे घातले, आणि चार रेघांच्या मेंढीला चार मुठी. वहीप्रमाणे तिचा तेवढा हक्कच होता.