हिरामण भावजींची चीनची बॅग

समोरच्याच्या तोंडाजवळ गेलेला घास परत ताटात कसा आणायचा, ही विद्या कान्हूला जन्मापासून अवगत होती. पेणमधल्या गणपतीच्या कारखान्यांचा माल टेम्पोनं पोचवणारा हा पन्नाशीतला गडी. पंगतीत त्याच्या शेजारी बसायला माणसं घाबरायची. जिलेबी वाढली की हा हळूच वाकून विचारायचा, "आचारी मगाशी शिंकला तवा कढई उघडीच होती काय रं?" की लगेच शेजारच्याची जिलेबी ह्याच्या पानात.

त्याचा सगळ्यात लाडका बकरा म्हणजे बहिणीचा नवरा हिरामण. रोह्याला लागून वरसे, तिथं राहायचा आणि रंगाच्या एका कंपनीत मशीन चालवायचा. माणूस सरळ, पण किळशीला इतका हळवा की चहात माशी पडली तर चहाबरोबर कपही फेकायचा. असा भावजी नशिबातच असावा लागतो. कान्हूच्या होता.

त्यात कंपनीनं हिरामणला चीनला पाठवायचं ठरवलं. जुनी मशीनं भंगारात जाणार, चीनवरून नवी येणार. ती शिकायला दोन वर्षं तिकडं राहायचं. जो शिकून येईल त्याची नोकरी राहील, बाकीच्यांना हिशोब देऊन घरी. हिरामणची बायको चंद्रावती, म्हणजे कान्हूची धाकटी बहीण, हिनं आळीत पेढे वाटले.

कंपनीतले दत्तात्रेय साहेब आधी एकदा जाऊन आले होते. त्यांनी हिरामणला सरळ सांगितलं, "थंडीचे कपडे घे. रोजची औषधं घे, सोबत डॉक्टरची चिठ्ठी. आपले प्लग तिथं बसत नाहीत, जोड घे. थोडा मसाला, एक छोटा कुकर. मासळी अजिबात नको, विमानतळावर काढून घेतात. बाकी सगळं तिथं मिळतं. तुझ्या घरातलं अर्धं सामान तिथूनच आलंय."

पण खरं बोलणाऱ्याचं बोलणं नेहमी अळणी असतं. हिरामणला त्यात काही दम वाटला नाही. त्यानं पेणला फोन केला. "कान्हूदादा, तुझ्या चार ठिकाणी ओळखी. चीनला काय काय न्यावं लागतं रं?"

कान्हू पनवेलच्या पलीकडं कधी गेलेला नव्हता. पण अशी संधी सोडली तर तो कान्हू कसला? रविवारी टेम्पो घेऊन तो वरसेला हजर. पलंगावर नवी कोरी बॅग उघडून ठेवलेली. कान्हूनं तिच्याकडं बघून मान हलवली, मयताच्या घरी हलवतात तशी.

"ही पुरायची नाय, भावजी."

"का रं?"

"तिथलं खाणं म्हायती हाय का तुम्हाला? ताटात वाढलेलं हलतं."

"हलतं म्हंजे?"

"म्हंजे तुम्ही त्याला बघता नि ते तुम्हाला बघतं."

हिरामणनं थुंकी गिळली. ती नीट गिळली गेली नाही, हे कान्हूनं बरोबर टिपलं आणि त्याला हुरूप आला. "भाताला पिवळा रंग दिसला की समजायचं, सरड्याच्या पाण्यात शिजवलाय. भजी मागाल तर आत झुरळ. पंख काढलेलं, तेवढी माणुसकी हाय त्यांच्यात."

"मंग मी खायचं काय?"

"म्हणून सांगतो, सगळं इथनं न्या. पाणीसुद्धा!"

झालं. हिरामणनं थंडीचे कपडे बाहेर काढले आणि तांदळाचं पीठ आत भरलं. भावकीत बातमी गेली की हिरामणला तिकडं उपाशी मरायची पाळी. आमच्याकडं लांबच्या गावाला निघालेल्या माणसाला प्रत्येक घरचा वानवळा न्यावाच लागतो. नको म्हणालात की पुढल्या तीन लग्नांत त्या घरचं कोणी बोलत नाही. त्यामुळं जिते गावाहून चुलत्या आल्या, नदीपलीकडच्या अष्टमीवरून मावशी आली. कुणी वाळवलेल्या कोलबीचे सोडे आणले, कुणी सुकट, कुणी बोंबील, कुणी पोह्याचे पापड. दत्तात्रेय साहेबांचं कोण ऐकतो! दोन दिवसांत बॅगेला असा वास सुटला की शेजारचं मांजर खिडकीत मुक्कामाला आलं.

इथं कान्हूनं थांबायला हवं होतं. पण तोंडाला ब्रेक नसला की असं होतं. पुढच्या फेरीला त्यानं शेवटचा खिळा मारला.

"भावजी, एक सांगायचं राह्यलं. तिकडं नवीन माणूस आला की शेजारी ताट घेऊन येतात. प्रेमानं. त्यांच्या हातानं भरवतात."

"मी नको म्हणंन."

"नको म्हटलं की अपमान. अपमान केला की पोलीस. नि पोलीस काय भरवतात ते मी आता चंद्रीसमोर बोलत नाय."

हिरामण उठला, मोरीत गेला आणि दुपारचं सगळं जेवण बाहेर काढून आला. तोंड पुसत म्हणाला, "मी जात नाय. नोकरी गेली खड्ड्यात."

कान्हू पेणला परत येईपर्यंत टेम्पोत एकटाच हसत होता. नागोठण्याला चहा प्यायला उतरला तर चहावाल्यानं विचारलं, लॉटरी लागली काय.

दुसऱ्या दिवशी चंद्रावती गाडीनं पेणला आली. कान्हू कारखान्याच्या दारात, रंग न दिलेले पांढरे गणपती पेंढ्यात बसवत होता. तिनं ना पाणी मागितलं, ना वहिनीची चौकशी केली.

"दादा, तुझी जीभ एक दिवस कुत्रं खाणार."

"काय झालं गो?"

"जल्लं तुझं तोंड! ते साहेबांना नाय म्हणून सांगायला निघालेत. शुक्रवारपर्यंत त्यांनी नाव कळवलं नाय तर दुसऱ्याला पाठवणार. मंग आम्ही खायचं काय, तुझ्या झुरळाची भजी?"

"अगो, मस्करी केली."

"मंग तूच निस्तर. नाय निस्तरलंस तर भाऊबीजेला माझ्या दारात उभा राहू नको."

आता कान्हूला हसू येईना. भाऊबीजेचं ताट राहू दे एकवेळ, पण धाकटीचा संसार आपल्या जिभेनं मोडला हे त्याला झेपणारं नव्हतं. तो तिला टेम्पोत पुढं बसवून तसाच वरसेला निघाला. कारखान्याचा मालक मागनं ओरडत होता, तिकडं लक्षच दिलं नाही.

"भावजी, मी खोटं बोललो," त्यानं दारातनंच सांगितलं. "मी कुठं चीन बघितलाय? सगळी थाप."

हिरामणनं त्याच्याकडं दयेनं बघितलं. "कान्हूदादा, चंद्रीनं दम दिला म्हणून बोलतोस. तू खोटं बोलताना डोळे मिचकावतोस. काल मिचकावले नव्हतेस, आता मिचकावतोयस."

"अवं, डोळ्यात पेंढ्याची कुसळं गेलीत!"

"ऱ्हाऊ दे."

शपथा झाल्या, देवाची झाली, आईची झाली. उपयोग शून्य. जन्मभर थापा मारलेल्या माणसाचं खरं कोण ऐकणार? कान्हू ओटीवर बसून डोकं खाजवायला लागला. आतून वास आला. नवऱ्याचं मन वळावं म्हणून चंद्रावतीनं वजडी केली होती. हिरामणला वजडी म्हणजे जीव की प्राण. कालच्या ओकारीनंतर पहिल्यांदा तो ताटावर बसला, भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवला, आणि कान्हूच्या डोक्यात ट्यूब पेटली. किळस आत गेली की बाहेर काढता येत नाही. पण सगळीकडं सारखी पसरता येते.

"भावजी," तो मऊ आवाजात म्हणाला, "वजडी म्हंजे बकऱ्याचं काय असतं, कधी विचार केलाय?"

"पोट."

"पोट. म्हंजे शेणाची पिशवी. बकरा मरतो तवा ती भरलेली असते. मंग ती उलटी करतात, झटकतात, गरम पाण्यात खरवडतात. सगळंच निघतं असं नाय. ती टॉवेलासारखी जाळी असते ना, त्या जाळीत—"

हिरामणचा हात थांबला.

"दादा!" चंद्रावती आतून किंचाळली.

"तू गप गो. भावजी, त्या चिनी माणसाला ही वजडी वाढली तर तो काय म्हणंल? नि आपली रक्ती? रक्त वाडग्यात धरून गोठवतो, वड्या पाडतो, वर कोथिंबीर भुरभुरवतो. झुरळवाला तरी बरा म्हणायचा!"

हिरामणनं ताट सरकवलं. तो मोरीकडं निघाला, पण कान्हूनं त्याचा दंड धरला आणि चपला घालायला लावून टेम्पोत बसवला. पूल ओलांडून थेट अष्टमीच्या बाजूला, मासळीवाल्या बायका बसतात तिथं नेऊन उभा केला.

विमलबाई तिथली जुनी कोळीण. कान्हूला लांबूनच बघून तिनं पाटी स्वतःकडं ओढली. "आला मेला! ए कान्हू, घ्यायचं असंल तर घे, नाय तर वारा सोड."

"मावशे, आमच्या भावजींना जरा शिकवतोय. ही कोलबी बघा, भावजी. पाठीतला काळा दोरा दिसतो?"

"शिर हाय ती," हिरामण म्हणाला.

"आतडं हाय. काल जे खाल्लं ते तिथंच हाय. नि ही खेकड्याची जात, चिंबोरी. चिंबोरी खाते काय? खाडीत जे मरंल ते. कुत्रं मरंल, म्हस मरंल..."

"तुझा मुडदा बशिवला!" विमलबाई उभी राहिली. "सकाळपासून भवानी नाय झाली नि हा म्हशी मोजतोय!"

पण कान्हूला आता सूर लागला होता. तो बादलीपाशी बसला. बादलीत खाडीच्या चिखलातले निवटे मासे, डोळे वर करून एकमेकांच्या अंगावर चढत होते, शेंबडासारखी बुळबुळ अंगावर घेऊन. "हे बघा. हे ताटात जायचंय. हलतंय का? तुम्हाला बघतंय का?"

एक निवटा खरंच हिरामणकडं बघत होता.

मग सुकटीची बारी आली. "अंगणात वाळत घालतात. वरनं कावळे, खालनं कुत्री. कुत्र्याला लागली की ते पाय कुठं वर करतं? माशी बसते ती उगाच नाय बसत, अंडी घालायला बसते. नि तीच सुकट तुम्ही बॅगेत भरून देश सोडून निघाला व्हतात, स्वच्छ खायला मिळावं म्हणून!"

दोन गिऱ्हाइकं पिशव्या रिकाम्या घेऊन मागं फिरली. विमलबाईनं मासळी धुतलेल्या पाण्याचा डबा उचलला आणि कान्हूच्या अंगावर रिकामा केला. त्यातलं एक खवलं कान्हूच्या ओठाला चिकटलं. हिरामण हे बघत राहिला आणि पुलाच्या कठड्याकडं पळाला.

मग तो कशालाच शिवेना. मासळी नाही, मटण नाही. चंद्रावतीनं अंडं उकडलं तर म्हणाला, ते कुठून येतं ते म्हायती हाय मला. दूध दिलं तर म्हणाला, म्हशीच्या आंगातनं निघतं. बिस्कीट पाण्यात बुडवून बसायचा. चंद्रावतीनं कान्हूला फोनवर अशा शिव्या दिल्या की शेजारी बसलेल्या पुतळीनं, म्हणजे कान्हूच्या बायकोनं, त्यातल्या दोन पाठ केल्या.

"काय अवदसा आठवली तुला, दादा? चीन ऱ्हायला बाजूला, आता हे वरसेतच मरतात!"

गुरुवारी कान्हू भीतभीत वरसेला गेला. बघतो तर हिरामण पलंगावर बसून बॅग रिकामी करत होता. सोडे बाहेर, सुकट बाहेर, बोंबील बाहेर, पापड बाहेर. नाकाला रुमाल बांधलेला.

"जाताय की नाय, भावजी?" कान्हूनं हळूच विचारलं.

"जातोय. सकाळीच नाव कळवलं."

"आं?"

"इथं खायचं नि तिथं खायचं सारखंच घाण. पण इथं मला प्रत्येक गोष्ट काय हाय ते कळतं. तिथली भाषा मला येत नाय. ताटात काय हाय ते कुणी सांगितलं तरी समजणार नाय." त्यानं स्वेटरची घडी घालून बॅगेत ठेवली, वर औषधं, वर प्लगचा जोड. "आणि मुख्य म्हंजे, कान्हूदादा, तिथं तू नसशील."

कान्हूला हे लागलं. पण चंद्रावती दारात तोंडाला पदर लावून रडत-हसत उभी होती, म्हणून त्यानं गिळलं.

निघायच्या दिवशी चंद्रावतीनं तळहातावर दही ठेवलं. हिरामणनं ते नाकाशी नेलं. "सडलेलं दूधच ना हे?"

"चाटा मुकाट्यानं!" ती म्हणाली. त्यानं डोळे मिटून चाटलं आणि गाडीत बसला. कुकर त्यानं नेला नाही. म्हणाला, मी शिजवणार म्हंजे मला कळणार. भावकीचा वानवळा सगळा पेणला कान्हूच्या घरी आला, कारण परत कुणाला देणार?

इथं गोष्ट संपली असती तर कान्हू जन्मभर छाती फुगवून फिरला असता. पण त्या रविवारी पुतळीनं सुकटीचं कालवण केलं, भरपूर चिंच-मिरची घालून. कान्हूनं पहिला घास उचलला आणि त्याला अंगण दिसलं. मग कावळे. मग कुत्र्यानं वर केलेला पाय, अगदी स्वच्छ. त्यानं घास खाली ठेवला.

"काय झालं?"

"भूक नाय."

बुधवारी कोलबी केली, त्याला काळा दोरा दिसला. वजडीचं तर नावच नको. स्वतःच्याच जिभेनं त्याचं ताट पुसून टाकलं होतं, आणि ही गोष्ट सांगायची तरी कुणाला? आळीतली माणसं नाचली असती. तो वरण-भातावर आला. पुतळी खमकी. ती त्याच्यासमोर बसून चिंबोरीचा नांगा दातानं फोडायची, सुर्रकन ओढायची आणि विचारायची, "म्हस लागली बरं का आतमंदी, कोवळी हाय."

महिना झाला असेल. दुपारी कान्हू जेवायला बसला आणि हिरामणचा फोन आला. पुतळीनं आवाज मोठा करून फोन मधे ठेवला. पलीकडून कुरुम कुरुम चावायचा आवाज येत होता.

"काय खाताय, भावजी?" कान्हूनं विचारलं.

"म्हायती नाय."

"म्हायती नाय म्हंजे?"

"शेजारी आणून देतात. काळं काळं हाय, कुरकुरीत. लय चवीचं. वजन वाढलं माझं. इथली मंडळी लई चांगली, कुणी काय सांगत नाय." कुरुम. "नि तू काय जेवतोयस?"

कान्हूनं भात कालवायला घेतला. पुतळी फोनजवळ वाकली. "वरण-भात, भावजी! आजाऱ्यासारखा! तुमच्या दादाला मासळीची किळस बसलीय!"

पलीकडचं चावणं थांबलं. मग हिरामण बोलला, आणि त्याचा आवाज इतका मऊ होता की कान्हूच्या मानेवर काटा आला. हा सूर त्यानं स्वतः आयुष्यभर वापरला होता, ऐकला पहिल्यांदाच.

"वरण चांगलंच की, कान्हूदादा. डाळ साठवणीतली असंल ना? त्या डाळीत बारीक पांढऱ्या अळ्या असतात बघ. निवडून थोड्याच निघतात? पण शिजल्या की विरघळतात. दिसत नाय."

कान्हूनं वाटीत बघितलं. वरण दाट होतं आणि मऊ होतं, आणि एका कडेला पांढरं काहीतरी तरंगत होतं.

"खोबरं हाय ते," पुतळी म्हणाली.

कान्हूनं वाटी हळूच तिच्याकडं सरकवली आणि पाण्याचा तांब्या उचलला. तोंडाशी नेला, आणि आत वाकून बघायला लागला.