उजवीकडे न वळणारी गाडी

"बाबा, तुम्ही आम्हाला फसवून जिंकता का?"

रविवारी दुपारी, चहाच्या वेळी, मी हे सरळ त्यांच्या तोंडावर विचारलं. विचारून दाखव म्हणून मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं माझ्या दोन मैत्रिणींनी. एक वकील, जिच्याशी वाद घालायला आमचे सरसुद्धा दोनदा विचार करतात, आणि दुसरी पेन्सिल, जिला पाहिल्यावर टोपणनावाचं कारण विचारावं लागत नाही. मला पुढे करून दोघी सोफ्यावर एकाच उशीमागे तोंड लपवून बसल्या होत्या.

बाबांकडे एक जुनं गेमचं यंत्र आहे. त्यांच्या शाळेच्या दिवसांतलं, म्हणजे माझ्यापेक्षा कितीतरी थोरलं. दोन कंट्रोलर, त्यांच्या वायरी खुपसायला दोन पोर्ट आणि गाड्यांची एक शर्यत. बाबा कायम सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात बसतात, पहिल्या पोर्टाचा कंट्रोलर घेऊन. आलागेला उजवीकडे, दुसऱ्या पोर्टावर. या घरात त्यांना आजवर कोणी हरवलेलं नाही. मामा हरला, शेजारचे हरले, आम्ही तिघी तर दर रविवारी हरायचो. आमची गाडी झकास पळायची आणि ऐन वळणावर उजवीकडे वळायचंच विसरायची. भिंतीवर धाडकन. मग बाबा प्रेमाने म्हणायचे, "हात जड आहे गं तुझा."

बाबांनी कप खाली ठेवला. "काय म्हणालीस?"

"दुसऱ्या पोर्टात घोळ आहे. उजवीकडचं बटण मध्येच मरतं. काल तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा मी तोच कंट्रोलर पहिल्या पोर्टात लावून पाहिला. तिथे लोण्यासारखा चालतो."

बाबा रागावले की आवाज चढवत नाहीत, चष्मा काढून घडी घालतात. त्यांनी घडी घातली. "म्हणजे मी लबाड."

"नुसता प्रश्न आहे, काका," उशीमागून वकील म्हणाली. "आरोप नाही."

"मग उघडून बघ," बाबा मला म्हणाले. "सारखी त्या दुकानात पडलेली असतेस ना."

दुकान वकीलच्या मावशीचं. रेडिओ, मिक्सर, टीव्ही, जे बंद पडेल ते तिच्याकडे येतं. शाळा सुटल्यावर तिथे बसून मी डाग द्यायला, म्हणजे कथील वितळवून सुटलेले भाग जोडायला, शिकले होते आणि अख्खी सुट्टी तिथेच काढायचा माझा बेत होता. बाबांनी मात्र गणिताच्या क्लासात माझं नाव घालून ठेवलं होतं. आता त्यांनी अटच घातली. "नीट झालं, तर सुट्टीभर दुकानात बस. आतलं काहीही तुटलं, तर मुकाट्याने क्लास."

"आणि याच्यासारखं दुसरं मिळत नाही हं," आई स्वयंपाकघरातून हात पुसत येत म्हणाली.

हे मला माहीत होतं.

मावशीकडून हत्यारं मागून आणली, जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, वायर भिंतीतून काढली, स्क्रू वाटीत जमा केले. आतली हिरवी पट्टी, म्हणजे सर्किट बोर्ड, उलटी करून दुसऱ्या पोर्टावर भिंग धरलं. पोर्टाच्या पिना पट्टीतून आरपार येतात आणि प्रत्येकीला कथलाचा डाग असतो. चौथ्या पिनेच्या डागाभोवती केसाएवढी काळी रेघ होती, अगदी गोल. पोर्ट जरा हलवलं की पीनही हलायची.

"चौथी म्हणजे उजवीकडच्या बटणाची," मी म्हणाले. "चीर गेलीय."

"मुद्दाम करता येईल असं?" वकील.

"नाही. वायर ओढून ओढून जाते ही." मी सोफ्याकडे पाहिलं. डाव्या कोपऱ्यातून टीव्ही जवळ, तिथे वायर सैल पडते. उजव्या कोपऱ्यापर्यंत ती जेमतेम पोचते, आणि वळणावर माणूस अंगानेही वळतोच. "बाबा, तुम्ही कधी उजवीकडे बसून खेळलात?"

बाबा विचारात पडले. खरंच पडले. "यंत्र माझं. मी कशाला तिकडे बसेन?"

म्हणजे लबाडी नव्हतीच. त्यांना फक्त दुसरी बाजू कशी असते ते ठाऊक नव्हतं.

आईने माझ्या हातातलं भिंग घेतलं आणि त्या रेघेकडे बराच वेळ पाहिलं. "लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी खेळणं सोडलं," ती म्हणाली. "हात जड आहे म्हणून."

पेन्सिलीने उशी हळूच खाली ठेवली. बाबा चष्म्याची घडी उघडत, मिटत राहिले.

आता हे नीट होणं नुसतं माझ्या सुट्टीपुरतं राहिलं नव्हतं.

जुना डाग सगळा उपसायचा आणि मगच नवा द्यायचा, ही मावशीची पद्धत. उपसायला तांब्याच्या बारीक तारांची विणलेली फीत असते, मावशी तिला वात म्हणते. वात डागावर ठेवायची, तिच्यावर तापलेलं आयर्न, म्हणजे डाग द्यायची सळई, टेकवायचं, कथील वितळून वातीत चढतं. मग दोन्ही एकदम उचलायचं. आयर्न आधी उचललं तर वात गार होऊन तिथेच चिकटते. मावशीने हे मला इतक्यांदा सांगितलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

वात ठेवली. आयर्न टेकवलं. कथील चमकलं आणि वर चढायला लागलं.

"झालं का?" बाबा माझ्या खांद्यावरून वाकले.

मी मान वळवली. आयर्न उचललं गेलं, वात राहिली. माझ्या डोक्याने थांब म्हणायच्या आत हाताने ती ओढली होती.

टक.

वातीच्या टोकाला तांब्याचं इवलंसं कडं लटकत होतं. पिनेभोवतीचं. हिरव्या पट्टीपासून उखडलेलं.

मनात आलं, वरून एक गुबगुबीत डाग देऊन टाकावा, बाबांना काय कळणार आहे. पण ते झाकणं झालं असतं, आणि गाडी पुन्हा भिंतीवरच गेली असती.

"बाबा, तुटलं," मी म्हणाले.

"मग ठरलं," ते हळू म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"ठरलं. पण मी हे असं सोडणार नाही."

कडं गेलं तरी त्याच्यापासून निघालेली तांब्याची रेघ शाबूत होती. ती कुठे पोचते ते मल्टिमीटरने शोधलं, जोड सलग असला की तो टीं करतो. पुढे त्याच रेघेवर कथलाचा एक ठिपका सापडला. पिनेपासून त्या ठिपक्यापर्यंत केसासारखी तार जोडायची होती, शेजारच्या पिनेला चुकूनही न लावता. शेजारी लागली तर काय काय जळेल, याचा मी विचार न करायचा प्रयत्न करत होते. आईने टेबललॅम्प उचलून बरोबर जागी धरला. माझी तार मात्र टोकाशी थरथरत होती.

"श्वास सोड आणि मग टेकव," आई म्हणाली.

"तुझा हात कसा हलत नाही?"

"जड आहे ना," आई म्हणाली. बाबांकडे तिने पाहिलं नाही.

पहिलं टोक बसलं. दुसरं निसटलं, पुन्हा धरलं, बसलं. मल्टिमीटर एका टोकाला, दुसऱ्या टोकाला. टीं. शेजारच्या पिनेवर तो गप्प राहिला. मग मी यंत्राचं झाकण परत लावलं, भिंतीत वायर लावली आणि बटण दाबायला माझं बोट काही केल्या पुढे जाईना. शेवटी पेन्सिलीने दाबलं.

पडद्यावर दोन गाड्या आल्या.

"मी डावीकडे," म्हणत आई बाबांच्या कोपऱ्यात जाऊन बसली.

बाबा क्षणभर उभेच राहिले. मग उजवीकडे बसले, दुसऱ्या पोर्टाचा कंट्रोलर घेऊन. शर्यत सुटली. पहिलं वळण आलं, उजवीकडचं. बाबांचं अख्खं अंग उजवीकडे कललं, वायर ताणली गेली.

गाडी वळली.

पुढच्याही वळणाला वळली. आई शेवटी एका गाडीच्या अंतराने हरली आणि म्हणाली, "परत लाव." बाबा जिंकूनही हसले नाहीत. कंट्रोलरची वायर हातात धरून बघत बसले. "ताणली जाते खरी," एवढंच म्हणाले.

मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि दोघांच्या समोर जाऊन उभी राहिले. वकील काहीतरी खुणावत होती, तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

"तुमच्या अटीत मी हरले, हे मान्य आहे. आतलं तुटलं ते माझ्याच हाताने. आणि म्हणूनच मी क्लासला जाणार नाही. सुट्टीभर मावशीच्या दुकानात बसणार, वात आणि आयर्न एकदम उचलायचं हे हाताला कळेपर्यंत. गणित रोज सकाळी घरी करीन, आई तपासेल. बाबा, मघाशी मी विचारत होते. आता सांगतेय."