घासाचा भारा

रंगनाथनं घोडीपुढं टाकलेला हिरवागार घासाचा भारा भिमाजीनं दोन्ही हातांनी उचलला आणि गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला. घोडीनं मान ताणली, दावं ताठ झालं.

“पाव्हनं, आमच्या घासाला काय झालं?” रंगनाथनं मेव्हण्याला विचारलं. पाटाच्या पाण्यावर पोसलेल्या लसूणघासाचा त्याला भारी तोरा होता. राहात्याच्या बाजारातही त्याच्याच गोष्टी सांगे.

“घासाला काय न्हाई दाजी. तिच्या पोटाला सवय न्हाई. वरीसभर वाळली काटकं चघळत आली. एकदम हिरवं पडलं तर पोट फुगून लोळंल, हातची जाईल. आधी कडबा, मंग मूठभर घास. रोज थोडा वाढवू.”

रंगनाथची बायको भागिरथी दारात उभी राहून ऐकत होती. तिचा हा धाकटा भाऊ दुष्काळी पाथर्डीकडून घोडी चालवत आला होता. तिकडं टांग्यात बसायला गिऱ्हाईक उरलं नव्हतं आणि घोडीला घालायला काडीही नव्हती. घोडी जगली तर पाऊसपाणी झाल्यावर टांगा पुन्हा जुंपायचा. नाहीतर आहेच दुष्काळी कामावर खडी फोडणं. हे सगळं भागिरथीला कळत होतं, तरी वाईट वाटायचं ते वाटलंच. माहेरचं जनावर पहिल्यांदा दाराशी आलं आणि त्याला पोटभर घालायची चोरी.

ती कसर तिनं ताटात भरून काढली. तव्यावरची पुरणपोळी थेट भिमाजीच्या ताटात आणि वर तुपाची धार. दुसऱ्या पोळीला त्यानं हात आडवा धरला.

“घोडीला न्हाई म्हन्लास, ते ऐकलं मी. आता मला तरी न्हाई म्हनू नको.”

भिमाजीनं हात काढून घेतला. वाढेल ते खाली मान घालून खाल्लं, ताट पुसून लख्ख केलं. भागिरथीला धन्य वाटलं.

थोड्या वेळानं ती गोवऱ्या आणायला गोठ्यामागं गेली, तर बाभळीला धरून भिमाजी ओकत होता. पुरण होतं तसं बाहेर पडलं. त्यानं तोंड पुसलं, इकडंतिकडं पाहिलं आणि पायानं त्यावर नीट माती लोटली. मग घोडीकडं जाऊन तिचं पोट चाचपू लागला.

भागिरथी आल्या पावली परतली. रेशनच्या मिलोच्या, त्या परदेशी तांबड्या ज्वारीच्या, अर्ध्या भाकरीवर राहिलेलं ते पोट तिला आधी कसं दिसलं नाही? तिला रडू आलं. ते तिनं चुलीच्या धुरावर ढकललं.

संध्याकाळी भिमाजीच्या ताटात अर्धी भाकरी आणि मुगाचं पातळ वरण आलं. रंगनाथ बघतच राहिला.

“अगं, पाव्हन्याला हे? लोक तोंडात शेन घालतील.”

“घालू द्या,” ती म्हणाली आणि भाकरीच्या दुरडीवर फडकं टाकलं.

भिमाजीनं एकदा तिच्याकडं पाहिलं आणि तो सावकाश जेवला.

पुढं असंच चाललं. गोठ्यात घासाची मूठ वाढत गेली, घरात भाकरीची कोर. रंगनाथ बायकोला चिकट म्हणत राहिला, तिनं ऐकून घेतलं.

एका सकाळी भिमाजीनं घोडी सोडली आणि रंगनाथच्या घासात नेऊन उभी केली. ती मान वर न करता चरू लागली. तो बराच वेळ बांधावर बसून होता. मग घरी आला, हातपाय धुतले आणि चुलीपुढं टेकला.

“आक्का,” तो म्हणाला, “आज पुरन घाल.”