मधली रिकामी जागा

मी एक जुना बाक आहे, ओकच्या लाकडाचा. श्रॉपशरमधल्या एका वृक्षोद्यानात, रुमालझाडासमोर माझा मुक्काम. वादळात पडलेलं खोड सुतारानं चिरलं, त्यावर रंधा मारला आणि माझ्या पाठीवर पितळी पट्टी ठोकली: 'ॲल्विन पारगेटर. त्याला ही जागा आवडायची.' ॲल्विन इथला माळी होता. रुमालझाड त्यानंच लावलं. त्याला ती पांढऱ्या रुमालांसारखी लोंबणारी फुलं यायला वीस वर्षं लागतात आणि ॲल्विन तर दहाव्या वर्षीच गेला.

दर मे महिन्यात, त्याच्या वाढदिवसाच्या सुमारास, बायको विनिफ्रेड, मुलगी हेस्टर, जावई क्लाइव्ह आणि नात टॅम्सिन डबे घेऊन येतात. काकडीची सँडविचं, थर्मासमधला चहा. दोघं इकडे, दोघी तिकडे, मधली जागा ॲल्विनची म्हणून रिकामी.

मित्रांनो, ती रिकामी नसते. पहिल्या वर्षापासून माझी मधली फळी खाली वाकलेली आहे. घरचे निघून जातात, भार जात नाही. हिवाळ्यात माझ्यावर सगळीकडे बर्फ साचतो, तेवढ्या हातभर जागेवर साचत नाही. पाखरंही तिथं बसत नाहीत. आधी मला भीती वाटायची. मग सवय झाली, आणि खरं सांगतो, माया जडली.

काल रविवारी सगळे आले, तेव्हा माझ्या हाताला एक कागद बांधलेला होता. हेस्टरनं तो वाचला. "स्मृती-बाक इथं ठेवण्याची दहा वर्षांची मुदत संपली. पत्राला उत्तर न आल्यामुळे सोमवारी बाक हलवण्यात येईल." ती सगळ्यांकडे वळली. "कुठलं पत्र?"

क्लाइव्ह कानापर्यंत लाल झाला. "एक आलं होतं. बाबांच्या नावाचं. मी वर 'हयात नाहीत, परत पाठवा' असं लिहून पेटीत टाकलं."

"न उघडता?"

"दुसऱ्याचं पत्र कसं उघडायचं?"

"अरे, तो दुसरा दहा वर्षांपूर्वी गेलाय! तो काय रागावणार होता तुझ्यावर?"

उद्यानाच्या ऑफिसला रविवारचं कुलूप होतं. विनिफ्रेडनं मधल्या फळीवर हात ठेवला. "फूल बघितल्याशिवाय हा उठायचा नाही," ती म्हणाली. "बाकच नेला तर बसेल कुठं?" कुणीही हसलं नाही. माझ्या तर खिळ्याखिळ्यात धडकी भरली.

"आजी, वर बघ!" टॅम्सिन ओरडली. "रुमाल!"

उंच फांदीवर एकच पांढरं फूल लोंबत होतं. वारा नव्हता, तरी ते हलत होतं.

तेवढ्यात माझी मधली फळी करकरली आणि दहा वर्षांत पहिल्यांदा सरळ झाली. समोरचं गवत दबू लागलं. एक पाऊल, दुसरं पाऊल, थेट झाडापर्यंत.

"बघून घे रे, पोटभर बघ," विनिफ्रेड रडत रडत म्हणाली. मग ती सरकून पहिल्यांदाच मधे बसली. "गार आहे गं अजून," ती हेस्टरला म्हणाली.

उद्यान बंद व्हायची घंटा झाली. "आई, उद्या आठाला ऑफिसच्या दारात उभा राहतो," क्लाइव्ह म्हणाला.

"वेळेवर ऊठ म्हणजे झालं," हेस्टर म्हणाली.

ते गेले. मला वाटलं, सुटला बिचारा. आता मला नेलं तरी चालेल.

पण मग गवत पुन्हा दबू लागलं. या वेळी माझ्या दिशेनं. तो आला आणि बसला. मधे नाही, अगदी कडेला. विनिफ्रेडच्या बसण्यानं ऊबदार झालेली जागा त्यानं मोकळी ठेवली.

आता सोमवार उजाडला आहे. ट्रॅक्टरचा आवाज जवळ येतो आहे आणि क्लाइव्ह अजून दिसत नाही. मित्रांनो, गेलेल्या माणसाच्या नावानं पत्र आलं, तर परत पाठवण्याआधी उघडून वाचा. आणि आधी फाटकाशी धावा, त्या ट्रॅक्टरवाल्याला थांबवा. त्याला सांगा, इथं एकजण बायकोसाठी जागा धरून बसला आहे.