तिसऱ्या पायाचा स्क्रू

मित्रांनो, मी एक जुना, तीन पायांचा ट्रायपॉड आहे. कॅमेऱ्याला डोक्यावर घ्यायचे आणि तो हलू नये म्हणून गुपचूप उभे राहायचे, एवढेच माझे काम. ते मी पुष्कळ वर्षे नीट केले आणि एकदाच चुकलो. त्या एकदाचीच गोष्ट मला सांगायची आहे, कारण ती मनात ठेवून माझे पाय जड झाले आहेत.

कारखान्यात नळीत नळी सरकवून माझे पाय तयार झाले. नळी हवी तिथे थांबावी म्हणून प्रत्येक पायाला एक पकड आणि पकडीला एक स्क्रू. तपासणाऱ्या बाईंनी मला दाबून पाहिले आणि म्हणाल्या, "हा पक्का आहे." तेव्हापासून मी जरा ताठच असतो.

पहिली सतरा वर्षे मी एका फोटो स्टुडिओत काढली. जमिनीवर खडूच्या तीन खुणा होत्या, त्यांवरून मी कधी हललो नाही. समोर स्टूल आणि स्टुलामागे डोंगर व तळे रंगवलेला पडदा.

एके दिवशी ओळखपत्रासाठी फोटो काढायला एक बाई आल्या. त्या इस्पितळात एक्स-रे काढत. स्टुडिओवाले काका आता थकले होते आणि दुकान आवरून मुलीकडे राहायला निघाले होते.

"काका, हा डोंगर कुठला हो?" बाईंनी विचारले.

"पडद्यावरचा."

"अहो, पण खरा?"

"खरा मी कुठे बघितलाय? त्याच्याकडे पाठ करून बसलेल्यांचेच फोटो काढले आयुष्यभर."

बाई हसल्या नाहीत. "मीही दिवसभर अंधाऱ्या खोलीत हाडंच बघते," त्या म्हणाल्या. त्या निघाल्या तेव्हा काकांनी जुना कॅमेरा आणि मला त्यांच्या हवाली केले. "माझं राहून गेलं. तुम्ही तरी बघून या."

पुढच्याच रविवारी बाई पहाटेच्या बसने एका तळ्यावर गेल्या. धुके विरळ होईपर्यंत दोन तास माझ्याजवळ उभ्या राहिल्या. बोटे गारठली, डबा उघडायचे भान राहिले नाही. घरी आल्यावर त्यांनी फोटो नवऱ्याला दाखवला. ते घड्याळजी होते. त्यांनी डोळ्याचे भिंग वर सरकवले, फोटो पाहिला आणि म्हणाले, "छान आहे, पण जरा सरळ धर गं. सगळं पाणी सांडेल की तळ्यातलं!"

पण त्या दिवसापासून बाईंना वेडच लागले. सुट्टी आली की आम्ही निघायचो. घड्याळजीही थर्मास घेऊन बरोबर येऊ लागले. वाळूच्या टेकड्या, कोरडी नदी, समुद्रात घुसलेले कडे, सगळे मी माझ्या पायांनी पाहिले. बाईंचे फोटो इस्पितळात एक्स-रेच्या खोलीबाहेर लागले. हात गळ्यात बांधलेली माणसे त्यांच्यासमोर थांबत आणि म्हणत, "काय कॅमेरा आहे!" माझे नाव कोणी घेत नसे. मला थोडे वाईट वाटायचे. आज वाटते, ती स्तुती माझ्या वाट्याची नव्हतीच.

झाले असे की वाळूच्या टेकड्यांवर माझ्या तिसऱ्या पायाच्या पकडीत वाळू गेली आणि स्क्रू सैल झाला. मला आवरताना तो पाय आपोआप खाली घसरला. घड्याळजींनी ते पाहिले. "घरी गेल्यावर बघू," ते पुटपुटले. घरी मी तीन आठवडे त्यांच्या टेबलाशेजारी उभा होतो. तांदळाच्या कणीएवढे स्क्रू ते दिवसभर बसवत होते. माझा मात्र राहून गेला.

पुढच्या सहलीच्या सकाळी बाईंनी विचारले, "अहो, हा ठीक आहे ना?"

"ठणठणीत!" घड्याळजी बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाले.

मला सगळे माहीत होते. पण लोखंडाला कुठे बोलता येते?

संध्याकाळी एका कड्यावर बाईंनी मला उभे केले. ऊन उतरत होते. बाई दोन पावले मागे सरल्या, आणि माझा तिसरा पाय सर्रकन आत गेला. मी कलंडलो.

"अहो, कॅमेरा!" बाई ओरडल्या.

घड्याळजी झेपावले. कॅमेरा त्यांनी वरच्या वर झेलला, पण स्वतः उजवे मनगट दगडावर आपटून पडले. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

त्या मनगटाचा एक्स-रे बाईंनाच काढावा लागला. घरी आल्यावर त्या खुर्चीत बसून राहिल्या. "मी 'सांभाळा' म्हणाले नाही," त्या म्हणत होत्या, "मी 'कॅमेरा' म्हणाले." घड्याळजी प्लास्टरमधल्या हाताकडे बघत होते.

हाड जुळले, पण अंगठा आणि बोट यांची पूर्वीची पकड आली नाही. मनगटी घड्याळे त्यांना सोडावी लागली. भिंतीवरची तेवढी ते करू लागले. बाईंनी इस्पितळातले फोटो उतरवले, कॅमेरा कपाटात टाकला. मी स्वयंपाकघराच्या दारामागे गेलो. माझ्यावर फडकी वाळत. कोणी विचारले तर बाई म्हणत, "हौस फिटली." अशी दोन वर्षे गेली.

मग बाईंनी कॅमेरा आणि मला एका नर्सला देऊन टाकायचे ठरवले. "जरा पुसून ठेवता का याला?" त्या घड्याळजींना म्हणाल्या. त्यांनी डाव्या हाताने माझी पकड उघडली. टेबलावर चिमूटभर वाळू पडली. त्यांनी ती बोटाने एका जागी गोळा केली.

"ऐक ना," ते म्हणाले. "हा स्क्रू सैल होता. मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"जायच्या आधीपासून. तू विचारलंस, तेव्हाही."

बाई खाली बसल्या. "दोन वर्षं मी रोज स्वतःला खाल्लं. तुम्ही समोर बसून बघत होतात?"

"सांगायचा धीर झाला नाही. तू मला दोष देत नव्हतीस. ते सोयीचं वाटलं."

मित्रांनो, बाई आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. आम्हाला नर्सला द्यायचा बेत मात्र त्यांनी रद्द केला. नवव्या दिवशी त्या मला घेऊन टेबलाशी बसल्या आणि स्क्रूड्रायव्हर उचलला.

"उजवीकडे फिरव. फार दाबू नकोस," घड्याळजी हळूच म्हणाले.

"कळतं मला," बाई म्हणाल्या. पण त्यांनी फिरवला उजवीकडेच, आणि फार दाबला नाही.

रविवारी घड्याळजींनी दारात विचारले, "मी येऊ?"

"आज नको. मला एकटीला जायचंय." दोन पायऱ्या उतरून बाई थांबल्या. "जेवून घ्या. मी अंधार पडायच्या आत येते."

त्या दिवशी मी माळावर वाऱ्यात तासभर उभा होतो. रेसभरही हललो नाही. पण त्यामुळे कोणाचे मनगट पहिल्यासारखे होत नाही, हे मला कळते.

म्हणून मित्रांनो, तुमच्या वस्तूंकडे लक्ष द्या. काही सैल झालेले दिसले तर ते त्याच दिवशी घट्ट करा. आणि ते तुमच्याकडून राहून गेलेच, तर निदान तसे सांगून टाका. मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.