दुसऱ्याच्या हातची वही

बायको गेल्याचं कळलं त्या सकाळी खुर्चीवाल्याच्या तोंडात बारीक खिळे होते. जुन्या खुर्च्या नव्याने मढवायचा त्याचा धंदा. एक हात ताणलेल्या कापडावर, एक हातोडीवर, मग खिळे ठेवायला उरतं ते तोंड. फोन वाजला तसे त्याने खिळे तळहातावर थुंकले आणि "हॅलो" म्हटलं.

"काका, छातीच्या दवाखान्यातून नर्स बोलतेय. काकूंना बरं नाही. लगेच या."

त्याला वाटलं, चुकून लागलेला फोन असेल. त्याची बायको शाळेच्या कचेरीत कारकून होती. मंगळवारी सकाळी अकरा वाजता ती कचेरीत असायची, दवाखान्यात नाही. तिला दमा होता, पण तो गेली वीस वर्षं होता.

तो पोचला तोवर सगळं आटोपलं होतं. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती. नर्स त्याला आत नेत असताना व्हरांड्यातल्या बाकावर एक माणूस रुमालात तोंड खुपसून हमसाहमशी रडत होता. "हे कोण?" खुर्चीवाल्याने विचारलं.

"हे घड्याळवाले. काकूंचे जोडीदार," नर्स म्हणाली, आणि लगेच सावरून, "म्हणजे आमच्या तपासणीतले."

आपण यायच्या आधी आपल्या बायकोसाठी कुणीतरी रडून घेतलंय, हे त्याने पहिल्यांदा पाहिलं. बायकोला त्यानंतर.

पुढचे आठ-दहा दिवस माणसांची ये-जा होती. ती थांबल्यावर धाकटी मेहुणी कपाट आवरायला आली. त्याने तिला सरळच विचारलं, "तुझी ताई त्या दवाखान्यात कशाला जायची?"

मेहुणीने साडीची घडी अर्धवट सोडली. "तुम्हाला माहीत नाही, हे मला माहीत होतं भावोजी."

"वा! म्हणजे तुला माहीत, त्या घड्याळवाल्याला माहीत. आणखी कुणाकुणाला? दूधवाल्याला?"

"चिडू नका. तिथे दमेकऱ्यांना एक दिवस उपाशी ठेवून बघतात. चोवीस तास नुसतं पाणी. मग रक्त काढतात."

"उपाशी? ती माझ्याआधी कधी जेवली नाही आणि माझ्याशिवाय कधी झोपली नाही, ती उपाशी राहिली आणि मला कळलं नाही?"

"'आज बहिणीकडे जेवले' असं सांगून तिने तुम्हाला चार वेळा वाढलंय. ती उपाशी आहे हे कळलं असतं तर तुम्हीही ताटावरून उठला असतात. मधुमेहाच्या गोळ्या घेऊन रिकाम्या पोटी बसला असतात आणि तिसऱ्या तासाला जमिनीवर. मागे एकदा केलंत ना ते, ती आजारी असताना? म्हणून नाही सांगितलं."

हे खरं होतं. पण खरं असल्याने त्याच्या पोटात दुखायचं थांबलं नाही. बायको उपाशी होती, आणि तिच्या शेजारी दुसरंच कुणी उपाशी होतं. बरोबर जेवायला तो होता. बरोबर भुकेलं राहायला घड्याळवाला.

दवाखान्याने तिच्या वस्तू एका पिशवीत दिल्या होत्या. चष्मा, पर्स, दम्याचा पंप, आणि निळ्या पुठ्ठ्याची एक वही. वहीवर तिचं नाव. आत तिच्या गोल अक्षरात तारखा आणि आकडे होते. २६०, २७०, २६५. मग चोवीस तासांनी २९०, ३००, ३०५. समोर छोटे शेरे: 'उपाशी असून चिडचिड नाही.' 'तीन मजले न थांबता.' 'रात्री खोकला एकदाच.'

खुर्चीवाल्याने ती वही दुकानात नेली. कापडाच्या ताग्यांमागे ठेवली आणि गिऱ्हाईक नसलं की उघडून बघायला लागला. तीन मजले न थांबता! त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं आणि ती पहिल्या मजल्याच्या कठड्याला धरून उभी राहायची. "तुम्ही व्हा पुढे" म्हणायची. ती न थांबता चढली तेव्हा वर पोचल्यावर तिच्याकडे बघायला कोण होतं, हे वेगळं सांगायला नको होतं.

नर्सचा फोन आला. "काका, ती निळी वही आम्हाला लागेल. त्या श्वासाच्या आकड्यांशिवाय हिशेब पुरा होत नाही."

"ती माझ्या बायकोचा श्वास आहे. मी देणार नाही," तो म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

दोन दिवसांनी नर्स स्वतःच दुकानात आली. तरुण पोरगी, पण घाईची नव्हती. फाटक्या आरामखुर्चीत बसली आणि तिने सगळं समजावून सांगितलं. दम्यात श्वासाच्या नळ्यांना आतून सूज असते. रक्तातल्या काही पेशी ती सूज वाढवत असतात. माणूस एक दिवस उपाशी राहिला की त्या पेशी जरा गप्प बसतात, असं दिसतंय. जेवल्यावर त्या पुन्हा जाग्या होतात का, तेही बघायचंय.

"म्हणजे उपाशी राहिलं की दमा बरा होतो?"

"नाही हो काका. माणसं मोजकी आहेत, अजून काही सांगता येत नाही. आम्ही पंप कुणाचा बंद केला नाही. आणि काकू शेवटच्या उपाशी राहिल्या त्याला तीन आठवडे झाले होते. त्या दिवशी नाश्ता करून नुसत्या फुंकायला आल्या होत्या. डोक्यात जे झालं त्याचा याच्याशी संबंध नाही, डॉक्टरांनी नीट तपासलंय."

"फुंकायला म्हणजे?"

"नळीत जोराने फुंकायचं. काटा किती पुढे गेला ते जोडीदार बघतो आणि आपल्या वहीत लिहितो. स्वतःचा आकडा स्वतः लिहिला की माणूस नकळत वाढवून लिहितो ना. म्हणून काकूंनी घड्याळवाल्यांचे लिहिले आणि त्यांनी काकूंचे."

म्हणजे पंधरा दिवस खुर्चीवाला घड्याळवाल्याचा श्वास उराशी धरून बसला होता. तीन मजले न थांबता चढलेला घड्याळवाला. रात्री एकदाच खोकलेला घड्याळवाला. त्याने तागे बाजूला सारून वही काढली आणि नर्सच्या मांडीवर जवळजवळ आपटली. "ही घ्या! न्या एकदाची!"

"आणि काकूंची?"

"ती कुठेय?"

नर्स जरा घुटमळली. "घड्याळवाल्यांकडे. तेही देत नाहीयेत."

त्याने दुकान उघडंच टाकलं.

घड्याळवाल्याचं दुकान म्हणजे दोन पावलांची खोली. काउंटरवर उघडी घड्याळं, मागे एक बारीक माणूस, डोळ्याला भिंग. खुर्चीवाला उंबऱ्यातूनच म्हणाला, "माझ्या बायकोची वही काढा."

घड्याळवाल्याने भिंग उतरवलं. "बसा तरी."

"बसायच्या वस्तू मीच बनवतो. वही काढा."

"ताई म्हणायच्या, तुम्ही फार तापट."

"आणखी काय म्हणायच्या ताई?"

"फार काही नाही. उपाशी माणसं जास्त बोलत नाहीत. बाहेर कुणी डबा उघडला की दोघं भिंतीकडे बघायचो." त्याने खण उघडला. वही कागदात नीट गुंडाळलेली होती. याने ती गुंडाळावी, हेसुद्धा खुर्चीवाल्याच्या डोळ्यात खुपलं.

अक्षर बारीक, टोकदार होतं. आकडे घड्याळवाल्यापेक्षा कमी. २१०, २१५, २०५. चौथ्या खेपेला, उपाशीपोटी, २४५, २५०, २६०. शेरा: 'जिन्यात एकदाच थांबल्या. वर जाऊन शिट्टी वाजवली.'

त्याने ते तीनदा वाचलं. चोवीस वर्षांच्या संसारात त्याने तिची शिट्टी ऐकली नव्हती. तिला शिट्टी येते हेच त्याला ठाऊक नव्हतं.

"कशी वाजवली?"

"काय?"

"शिट्टी. कुठल्या चालीत? वाजवून दाखवा."

घड्याळवाल्याने ओठांचा चंबू केला. नुसती हवा आली, मग खोकला. बराच वेळ तो काउंटरला धरून खोकत राहिला आणि खुर्चीवाला कोरडेपणाने बघत उभा राहिला.

"नाही जमत मला," तो अखेर म्हणाला. "लांबलचक होती एवढं आठवतं. मध्ये दम घ्यायला थांबल्या नाहीत. मलाही फार हेवा वाटला होता."

"तुम्हाला?"

"मग! तीन मजले मी चढलो, पण शिट्टी नाही आली."

खुर्चीवाल्याने वही मिटली आणि खिशात घातली.

"न्या," घड्याळवाला म्हणाला. "पण दवाखान्यात द्या. नाहीतर ताई त्यांच्या हिशेबातून गळतील. चार वेळा उपाशी राहिल्या त्या, ते फुकट जाईल."

"सोमवारी देतो," खुर्चीवाला म्हणाला.

त्या गोष्टीला तीन सोमवार झाले. नर्सचे दोन फोन येऊन गेले, दोन्ही वेळा तो "हो" म्हणाला. दुसऱ्याच्या अक्षरातली ती शिट्टीची ओळ कोऱ्या कागदावर आपल्या हाताने उतरवून घ्यायची आणि मग वही द्यायची, असं त्याने ठरवलं आहे. कागद आणला आहे. ओळ उतरवून झालेली नाही आणि वही अजून दिलेली नाही.