पलीकडचे तीन भाग

धारहून आलेल्या त्या पत्राला नीलकंठपंतांनी उत्तर दिलं नव्हतं, आणि ते त्यांना दातात अडकलेल्या सुपारीसारखं सलत होतं. पत्र साधंच होतं. भगवंत दिघे नावाच्या नव्या बी. ए.नं लिहिलं होतं, की बडोद्यास पदवीधरांना ग्रंथालयाचं काम शिकवणारा वर्ग निघाला आहे. प्रवेशाला दोन ग्रंथपालांच्या शिफारशी लागतात. तरी सुटीत आपल्या हाताखाली काम करू द्यावं.

पंतांनी पत्र उजेडाकडे धरूनही पाहिलं. बी. ए. झालेला माणूस मामलेदार होईल, वकील होईल, निदान मास्तर होईल. कपाटातून पुस्तकं काढून द्यायला तो कशाला शिकेल? कुठंतरी पाणी मुरत होतं.

शंकेला जागाही होती. देवास गाव एक, पण राज्यं दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या अलीकडे एक, पलीकडे दुसरं. कचेऱ्या दोन, ग्रंथालयंही दोन. थोरल्या पातीचं पंतांकडे, धाकटीचं उमाशंकरकडे. दोन्ही दरबारांत ऊठबस असलेल्या बापूसाहेबांनी सहा भागांचं एक प्रवासवर्णन दान दिलं, तेव्हा कुणी रुसू नये म्हणून पहिला, तिसरा, पाचवा भाग इकडे दिला आणि उरलेले तिकडे. प्रवासी पहिल्या भागाच्या शेवटी नावेत बसे; तो पैलतीरी पोचला का, हे पाहायला वाचकाला रस्ता ओलांडावा लागे. पंतांनी तो कधी ओलांडला नव्हता.

उत्तराची वाट पाहून भगवंत स्वतःच आला. उतरला कुठं, तर मावशीकडे, धाकट्या पातीत!

"पंत, माझं पत्र पोचलं का?"

"टपालाचं काय सांगावं," पंत पुटपुटले. पत्र त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात होतं.

"मग नुसता वाचक म्हणून बसलो तर चालेल?"

वाचकाला नाही कसं म्हणणार? पण हा वाचक काही वाचेना. पुस्तक मागायचा, पहिलं पान पाहायचा, पट्टीनं उंची मोजायचा, कागदाच्या तुकड्यावर काही लिहायचा आणि पुस्तक परत करायचा.

"वाचायचं नाही का?"

"आधी ओळख करून घेतो, पंत."

ओळख! उंची मोजून? पंतांच्या मनात लख्ख प्रकाश पडला. हा पुस्तकं न्यायला पेट्या करवून घेतोय. संध्याकाळी तो सरळ उमाशंकरकडे जाताना दिसला, तेव्हा उरलासुरला संशयही फिटला. दुसऱ्या दुपारी पंतांनी बापूसाहेबांचे तिन्ही भाग पंच्यात बांधले आणि घरी नेले. नोंद केली नाही.

घरी त्यांची थोरली विधवा बहीण होती, अक्का.

"भाजी आणलीस की काय, निळू?"

"दरबारची चीज आहे. कुणाला दाखवू नकोस."

"मी कुणाला दाखवतेय? चुलीला?"

भगवंतानं तिसरा भाग मागितला, तेव्हा पंत खाली पाहत म्हणाले, "वाचकाकडे गेलाय."

असेच काही दिवस गेले. मग एका संध्याकाळी कुलूप लावायच्या वेळी भगवंत पुढ्यात उभा राहिला.

"उद्या धारला निघतो. शनिवारी अर्ज बडोद्याला धाडायचाय. एका गावात दोन ग्रंथालयं दुसरीकडे कुठं मिळणार, म्हणून इथं आलो. उमाशंकरजींनी शिफारस दिलीय. आपली मिळाली तर अर्ज पुरा होईल."

"बघू," पंत म्हणाले. त्यानं वाकून नमस्कार केला. चोराचा नमस्कार जरा खालपर्यंतच जातो, असं पंतांना वाटलं.

घरी आले, तर फडताळात सहा पुस्तकं ओळीनं उभी. पहिला, दुसरा, तिसरा... सहावा.

"अक्का! हे पलीकडचे इथं कसे?"

"तुझा पहिला भाग माणसाला मधनदीत सोडून देतो. जीव टांगणीला लागला माझा. टेकडीवर देवीच्या दर्शनाला गेले, तिथं त्या भगवंताची मावशी भेटली. म्हटलं, भाच्याला दुसरा भाग आणायला सांग. त्यानं आज दुपारी तिन्ही आणून दिले."

"आणि पावती?"

"मागितली नाही. उमाशंकर म्हणाला म्हणे, 'अक्का को दे आओ भिया, घर की बात है.'"

"आपले तीन पाहिले त्यानं?"

"न दिसायला काय झालं? मीच म्हटलं, तुझा पंत चोरून घेऊन आलाय. तर म्हणतो, वाचकाकडे गेलेत असं ते म्हणाले होते, ते खरंच की."

"आणि ती पट्टी? उंची कशाला मोजायचा?"

"मी विचारलं. फळ्या किती अंतरावर बसवायच्या ते ठरवायला. तुझी मोठी पुस्तकं आडवी पडून वाकलीत, म्हणाला. विचारायला तुला काय झालं होतं रे?"

संध्याकाळी नमस्कार करताना त्या मुलाला सगळं ठाऊक होतं, आणि तो एक अक्षर बोलला नव्हता.

भगवंत पहाटेच धारला निघून गेला होता. सकाळी ते लिहायला बसले. आपल्यासारख्या मॅट्रिक नापासाची शिफारस बडोद्याला कोण विचारणार? कागद फाडला. पुन्हा लिहिला. 'आपलं पत्र पोचलं होतं. आपलं काम मी रोज पाहिलं, आपल्याला वाटलं असेल त्यापेक्षा जास्त बारकाईनं. आपल्या हाती मी माझ्या कपाटांच्या किल्ल्या देईन.' शिफारस वेगळ्या कागदावर लिहिली. सहीखाली 'ग्रंथपाल' लिहिताना हात अडला, तरी लिहिलं. एवढी वर्षं ते स्वतःला पुस्तकांचा कारकूनच म्हणत होते.

टपालपेटीपाशी त्यांनी लिफाफा उलटसुलट पाहिला, धारचा पत्ता पुन्हा वाचला. काखेत उमाशंकरला परत करायचे चौथा आणि सहावा भाग होते; दुसरा अक्कानं अजून सोडला नव्हता. हे असलं पत्र, शनिवारच्या आत पोचेल? टपालाचं काय सांगावं.

त्यांनी लिफाफा आत सोडला, आणि तो तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत कान लावून उभे राहिले.